डोंगरावरचं तीर्थ

दादानं गाडीचं दार लावलं तेव्हा वहिनीची बोटं अजून दारातच होती.

ती ओरडली नाही. "अहो," एवढंच म्हणाली, तेही आमटीत मीठ जास्त पडलंय हे सांगावं अशा सुरात. दादानं दार उघडलं, बोटांकडं बघितलं आणि हसला.

"अगं, बघून बसायचं की नाही? सहलीला निघालोय आपण. बोटं घरीच ठेवून यायची होतीस."

मग तो पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. मागं आम्ही तिघी. एका खिडकीशी आई, मध्ये मी, दुसऱ्या खिडकीशी वहिनी. तिची दोन नखं बघता बघता जांभळी झाली. चिनी ड्रायव्हरनं आरशातून एकदा मागं बघितलं, एकदा दादाकडं बघितलं आणि गाडी सुरू केली.

"लागलं का गं, शैला?" आईनं विचारलं.

"नाही, आई."

"मग बरं." आईनं चष्मा पुसला. "किती हिरवं हाय रे हे गाव, जयवंता!"

माणसांची नोंद ठेवायची मला खोड आहे. कोण कुणाचं बोलणं तोडतं, कोण हसायच्या आधी कुणाच्या तोंडाकडं बघतं, हे माझ्या डोक्यात आपोआप जमा होत राहतं. इचलकरंजीत बायका म्हणतात, कुमुदला घरी बोलवायचं तर आधी भांडण मिटवून घ्या. आठवडाभर दादाच्या घरी राहून माझ्याकडं बरीच जमा झाली होती. वहिनी उन्हातसुद्धा लांब बाह्या घालायची. दादाच्या किल्लीचा दारात आवाज झाला की हातातलं भांडं आधी खाली ठेवायची आणि मग दार उघडायला जायची.

दादा आमचे माग विकून चीनमध्ये शाओशिंगला गेला, तिथल्या कापडबाजारातून भारतात माल पाठवायचा धंदा थाटला, त्याला बरीच वर्षं झाली होती. त्याला चिनी येत नव्हतं. तो कॅल्क्युलेटरवर आकडे दाबून समोरच्याला दाखवायचा, समोरचा खोडून दुसरे दाबायचा, तेवढ्यावर त्याचं भागायचं. चिनी यायचं वहिनीला. भाजीबाजारात, शेजारणींशी बोलून बोलून ती अशी शिकली होती की भाजीवाल्या बायका तिला बघून दुरूनच हाका मारायच्या. फोनमध्ये भाषांतराची सोय तेव्हा आलेली नव्हती. त्यामुळे घरातल्या कुणालाही चिनी माणसाशी बोलायचं तर मध्ये वहिनी हवीच, आणि ही गोष्ट दादाला दातात अडकलेल्या सुपारीसारखी सलायची.

त्या सकाळी सहलीसाठी पोळ्या लाटताना वहिनी मला हळूच म्हणाली होती, "कुमुदताई, पुढच्या आठवड्यात तुम्ही जाल, तेव्हा मलाही न्या."

"चल की. तुझ्या शार्दूलची परीक्षा संपलीच आहे. त्याला पण सांगलीच्या वसतिगृहातनं घरी आणू."

"परत यायचं नाही मला इथं."

मी लाटणं थांबवलं. ती थांबली नाही.

"पासपोर्ट त्यांच्याकडं असतो," ती म्हणाली. "कपाटात कुलपात. बाहेर पडलो की त्यांच्या कमरेच्या पाऊचमध्ये. मागितला होता एकदा." तिनं बाही कोपरापर्यंत वर केली, मला बघू दिलं आणि खाली ओढली. ती खूण गरम इस्त्रीच्या टोकाची होती. मी सात जन्म कापडवाल्यांच्या घरात काढल्यासारखी आहे, इस्त्रीचं टोक मला ओळखता येतं.

"तिकिटाचं मी बघते," मी म्हणाले. "पासपोर्टचं कसं करायचं?"

"तेच तर," ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

परदेशात फिरताना पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो, म्हणून आम्हा चौघांचेही त्या दिवशी दादाच्या पोटावरच्या त्या काळ्या पाऊचमध्ये होते. सगळा रस्ताभर माझी नजर तिथंच जायची.

रस्ता मात्र दृष्ट लागावी असा. पांढऱ्या भिंतींची, काळ्या कौलांची घरं पाण्याच्या कडेला ओळीनं उभी. पुढं चहाचे डोंगर, नुकताच कंगवा फिरवल्यासारखे. रुंद टोप्या घातलेल्या बायका त्यातून कमरेएवढ्या बुडून पानं खुडत होत्या. त्यांच्यावर बांबूचं रान. वारा आला की सगळा डोंगर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर होत होता. आई सारखी "अगं बाई" म्हणत होती.

दुपारी एका शेतकऱ्याच्या घरी जेवलो. अंगणात टेबलं मांडून पाहुण्यांना जेवण द्यायचे ते लोक. घरधनीण वहिनीची बोटं बघून आत गेली आणि कसलासा पाला वाटून घेऊन आली. तो लावता लावता दोघी बोलल्या आणि कशावरून तरी हसल्या. आठवडाभरात वहिनीला दात दाखवून हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

"काय बोललीस तिला?" बाई आत गेल्यावर दादानं विचारलं.

"काही नाही. भाजीत मांस घालू नका म्हटलं."

"त्यात हसण्यासारखं काय?"

"ती म्हणाली, ससा पाहुणा आला की तिला स्वयंपाक सोपा जातो."

"ससा कोण? मी?" दादानं टेबलाखाली हात नेला. वहिनीचं तोंड जागच्या जागी पांढरं झालं. बोटांवरचा पाला टेबलाखाली तिच्या साडीवर गळला. "मला कळत नाही असं समजू नकोस. माझ्याबद्दल एक शब्द बोललीस तर जीभ हातात देईन."

"जयवंता, भात थंड होतोय," आई म्हणाली.

तेवढं बोलून तिनं लोणच्याची बाटली उघडली. मी आईच्या खात्यावर तेही मांडून ठेवलं.

जेवल्यावर आईला देव हवा झाला. "पाडवा होऊन गेला, अजून एका देवाला हात जोडलं न्हाईत. हितं देऊळ नसंल व्हय रे कुठं?" गाडी डोंगराच्या पायथ्याशी थांबली होती, ड्रायव्हर सीट मागं टाकून झोपला होता. वर चहाच्या ओळींमधून धूर येत होता. उदबत्तीचा वास आला.

"ते बघ," दादा म्हणाला. "भूमीचा देव असतो त्यांचा. डोंगराडोंगरावर असतो. चला." वहिनीला म्हणाला, "छत्र्या, बाटल्या, पिशव्या घेऊन ये मागनं. गाडीत ठेवू नकोस काही, हे लोक चोरतात."

वर पोचलो तर खरंच बांबूच्या सावलीत डोंगराला टेकून दगडी अर्धगोल बांधलेला. मध्ये अक्षरं कोरलेली शिळा. समोर उदबत्त्या जळताहेत, लाल मेणबत्त्या आहेत, संत्र्यांचा ढीग आहे, ताटलीत हिरवेगार, वाफवलेले गोळे आहेत आणि एका ओळीत इवल्याशा वाट्यांत काहीतरी ओतलेलं आहे. कडेच्या काठ्यांना पांढऱ्या कागदाच्या झिरमिळ्या फडफडत होत्या. माणूस एकही नाही.

"अगं बाई, हिरवं मोदक!" आईनं चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला. मागं डोंगर असल्यामुळं प्रदक्षिणा घालता येईना, तेव्हा स्वतःभोवतीच फिरली. मग एक वाटी उचलली, तळहातावर घेऊन पिली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

"कडू लागतंय रे तीर्थ."

"जडीबुटी घालतात त्यात," दादा म्हणाला आणि स्वतः दोन वाट्या घेतल्या. मग हिरवा गोळा तोंडात टाकला. "आत गोड पुरण आहे. खा, कुमुद."

मी गोळा हातात धरून उभी राहिले. मला देवाचा चेहरा कुठं सापडेना.

तेवढ्यात वहिनी पिशव्या ओढत वर आली. समोरचा प्रकार बघून तिच्या हातातल्या बाटल्या घरंगळत गेल्या.

"आई, थुंका! ठेवा ते खाली! अहो, हे देऊळ नाही. थडगं आहे. त्यांचा पितरांचा दिवस आहे आज. नैवेद्य मेलेल्या माणसाचा आहे, त्याचं जेवण व्हायचंय अजून. आणि ती दारू आहे."

आईचा हात डोक्यावरच राहिला. "दारू? मेल्या माणसाची?" ती दादाकडं वळली. "अरे, तू तर देव म्हणालास की! माझ्या तोंडात मढ्याची दारू घातलीस?"

आई दादावर ओरडली हे मी मोठी झाल्यापासून बघितलं नव्हतं. दादानंही बघितलं नसावं. त्याचा चेहरा आधी पडला आणि मग तांबडा होत गेला.

"हिला काय माहीत?" तो म्हणाला. "बाजारात भेंडी विकत घेते आणि शहाणपण शिकवते."

"अहो, ते बघा, तिथं माणसं—"

खरंच होती. थोडं वर, बांबूत, कुदळ घेतलेला एक दांडगा माणूस, त्याच्यामागं त्याचाच भाऊ शोभेल असा दुसरा आणि एक म्हातारी. म्हातारीनं आम्हाला बघितलं होतं. ती हसत होती. हात हलवून काहीतरी सांगत होती आणि तो हात "निघा" म्हणणारा नव्हता.

वहिनी तिला काही बोलणार तोच दादानं मारलं. उघड्या हातानं, सगळं अंग फिरवून. वहिनी गिरकी खाऊन कोलमडली ती शिळेवरच. कपाळ दगडाच्या काठावर आपटलं. ताटली उडाली, संत्री डोंगरावरून उड्या मारत सुटली. ती उठायच्या आत त्यानं लाथ घातली, ती निम्मी तिच्या बरगडीत आणि निम्मी मेणबत्त्यांत गेली.

म्हातारी त्या वयात कशी धावली कोण जाणे. ती मध्ये आली आणि दादानं तिला ढकललं.

मग दांडगा खाली आला.

त्यानं कुदळीचा दांडा आडवा धरून दादाच्या खांद्यावर घातला. ओलं लाकूड मोडावं असा आवाज झाला. दादा गुडघ्यावर बसला. दुसऱ्यानं त्याला कानाला धरून वर उचललं, कान फाटला, रक्त शर्टाच्या कॉलरमध्ये गेलं. दादानं डोकं खाली घालून त्याच्या पोटात ढुशी दिली, दोघं नैवेद्यात लोळले. एकाच्या हातात दुसऱ्याचे केस, तोंडात माती, हिरव्या गोळ्यांचा चिखल झालेला. दांडग्यानं दादाला पाठीत, मांडीत, परत पाठीत हाणलं. आई छत्री घेऊन पुढं झाली आणि दांडग्याच्या टाळक्यात घातली. छत्री उघडली. त्यानं वळूनही बघितलं नाही. म्हातारीनं आईला मागून मिठी मारून धरलं, आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींना आपापल्या भाषेत शिव्या देत राहिल्या.

मी दगड उचलला होता. चांगला मुठीत मावणारा. कुणाच्या डोक्यात घालायचा ते ठरेना. सख्खा भाऊ खाली मार खात होता आणि माझी नजर फिरून फिरून त्याच्याच टाळूवर येत होती.

"शैला!" आई ओरडत होती. "सांग की गं त्यांना! सोडा म्हणावं!"

वहिनी शिळेला टेकून बसली होती. कपाळावरचं रक्त एका डोळ्यात उतरलं होतं. दुसऱ्या डोळ्यानं ती बघत होती. किती वेळ बघत होती ते मी सांगणार नाही. मग चिनीत एकच शब्द बोलली आणि दोघेही भाऊ थांबले.

दादा गुडघ्यांवर, एक हात लोंबलेला. दांडगा धापा टाकत त्याच्यासमोर उभा. तो काहीतरी म्हणाला. अगदी थोडंसं.

"काय म्हणतोय?" दादानं विचारलं. "ए शैला, काय म्हणतोय तो?"

वहिनीनं पदरानं डोळा पुसला. "म्हणतोय, हे त्याच्या वडलांचं थडगं आहे. वडलांसमोर तुम्ही बाईमाणसावर हात टाकला. इथला रिवाज आहे. थडग्यासमोर केलेलं सगळं थडग्यासमोर बोलून दाखवायचं. खरं बोलल्याशिवाय माणसाला जिवंत उतरू देत नाहीत."

"सॉरी म्हण! पैसे देतो म्हण!"

वहिनी दांडग्याशी बोलली. बोलता बोलता दादाच्या गुडघ्याजवळच्या मातीकडं बोट केलं. दांडगा तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं पाय फाकवले, कुदळ डोक्यावर नेली आणि दादाच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर दाणकन खाली आणली.

"सांगतो! सांगतो!" दादा किंचाळला. "काय सांगू?"

"सकाळचं दार," वहिनी म्हणाली.

"मुद्दाम लावलं. मुद्दाम."

"इस्त्री."

"लावली. मीच लावली."

"मोठ्यानं. आईंना ऐकू जात नाही."

"आई, इस्त्री लावली मी हिला!" तो रडत होता. "पासपोर्ट मागितला म्हणून. केस धरून बाथरूममध्ये कोंडलं. शार्दूलचा फोन आला की ती झोपली आहे म्हणून सांगायचो. तिला शेजारी बसवून सांगायचो."

प्रत्येक वेळी दांडगा काहीतरी पुटपुटायचा, आणि त्या पुटपुटण्याचं वहिनी मराठीत भलंमोठं वाक्य करायची. दुसरा भाऊ संत्री गोळा करायला लागला होता.

"आता म्हणतोय," वहिनी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज हलला, "बायकोचे कागद बायकोच्या हातात दे."

दादा रडायचा थांबला. त्यानं मान वर केली. मार खाल्ला तरी तो व्यापारी होता.

"कागदांचं त्याला काय माहीत?"

झिरमिळ्या फडफडत होत्या. वहिनीचे ओठ पांढरे पडले. तिनं घाईघाईनं दांडग्याला काही विचारलं, मातीकडं परत परत बोट केलं. दांडग्यानं कुदळ उचलली खरी, पण अर्धीच. तो दादाकडं बघत नव्हता. दादाच्या ते लक्षात यायला लागलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर त्याचा नेहमीचा चेहरा परत येताना मला दिसला.

"दे की रे!" आई ओरडली. चिनी म्हातारीच्या मिठीतूनच, गळ्याच्या शिरा ताणून. "दे तिचं तिला! मारून टाकतोय तो तुला! बघ, उचलली कुदळ! दे!"

दादानं चांगल्या हातानं पाऊचची चेन ओढली. चारही पासपोर्ट मातीत पडले. वहिनीनं चारही उचलले.

दांडग्यानं मग कुदळ टाकली, दादाला काखेत हात घालून उभं केलं आणि खिशातून सिगरेट काढून त्याच्या तोंडात खोचली. दोघा भावांनीच त्याला खाली गाडीपर्यंत आणलं. म्हातारीनं वहिनीच्या कपाळाला आपला रुमाल बांधला. कबुली घेणारे लोक इतके मायाळू कसे, हा प्रश्न माझ्या मनात आला. तो मी तिथंच ठेवला.

दादाच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, इस्पितळात ठेवावं लागलं. त्यानं कुणाशी बोलायचं सोडलं. मी वहिनीचं तिकीट काढलं. निघताना आई एकटीच त्याला भेटून आली. काय बोलली ते आम्ही विचारलं नाही.

विमानात आई खिडकीशी, मध्ये वहिनी, कडेला मी. शाओशिंगचे डोंगर, पाणी, सगळं ढगाखाली गेल्यावर आई म्हणाली, "शैला, तो माणूस एवढंसंच बोलायचा की गं. तुझं मराठी एवढं लांब कसं व्हायचं?"

वहिनीनं मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं, ही आता खोटं बोलेल. तिनं आईकडं बघितलं आणि खोटं बोलली नाही.

"पहिल्यांदा तो म्हणाला, रक्त फार येतंय, गाडी आहे का तुमची? मग म्हणाला, माझ्या आईला हात लावला म्हणून मी मारलं, आता मिटलं. खाल्ल्याबद्दल काही नाही, वडलांना पाहुणे आवडायचे."

"आणि कुदळ?" मी विचारलं.

"बांबूचा कोंब कसा काढतात, एवढं दाखवा म्हटलं. तिथं मातीत एक टोक दिसत होतं." तिच्या कपाळावरचे टाके ओढले गेले, बहुतेक हसू आलं होतं. "त्याला वाटलं असेल, बाईच्या डोक्याला मार लागलाय, तिच्या कलानं घ्यावं. शेवटी मात्र कंटाळला. म्हणाला, बाई, कोंब निघाला की, आता काय?"

मी तोंडाला रुमाल लावला. आई हसली नाही. खिडकीबाहेर बघत होती.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "म्हणून तर वरडले मी." मग म्हणाली, "तिथं त्याला एक विचारायचं राहिलं तुझं. कोपराचं."

"माझं कोपर बरं आहे, आई."

"तुझं न्हवं." आईनं पोलक्याची बाही वर सरकवली आणि हात लांब केला. तो पुरता लांब होत नव्हता. आई न्हाणीत घसरून पडली होती, हाड वाकडं बसलं, असं आम्हाला माहीत होतं. गावालाही तसंच माहीत होतं.

वहिनीनं विचारलं, "कधी?"

"तू यायच्या आधीचा उन्हाळा," आई म्हणाली. "म्हणूनच तर तुला घाईनं आणली."

वहिनीनं ते कोपर हातात घेतलं होतं. तिनं ते सोडलं नाही. मुंबई येईपर्यंत ती आईशी एक अक्षरही बोलली नाही.